उत्पन्न नक्की कुणाचं? पगार, घर आणि न्यास एकाच वेळी सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी प्राप्तिकराची वाट

जून उजाडला की ओळखीतलं कुणीतरी एक कापडी पिशवी घेऊन घरी येतं. पिशवीत फॉर्म १६, दोन पासबुकं, वडिलांच्या नावाची एफडीची पावती (वडील जाऊन आठ महिने झालेले), बायकोच्या खात्याचा उतारा आणि एका छोट्या न्यासाचं पावतीपुस्तक असतं, कारण हे गृहस्थ तिथे खजिनदार. प्रश्न एकच: "किती भरायचा?" मी उलटं विचारतो, "यातलं तुमचं किती?" तिथेच गाडी अडते.

कर किती हे शेवटी कळतं. आधी उत्पन्न कुणाचं हे ठरवावं लागतं. प्राप्तिकर कायद्याच्या नजरेत तुम्ही, तुमचं हिंदू अविभक्त कुटुंब, वारलेले वडील, अज्ञान मूल आणि न्यास हे सगळे वेगवेगळे आहेत. घरात पैसा एकाच कपाटातून फिरतो, कायद्यात मात्र प्रत्येकाचा खण वेगळा. नोटिसा येतात त्या बहुतेक खणांची सरमिसळ झाल्यामुळे. पहिल्यांदाच हे सगळं हातात घेणाऱ्यांसाठी ही वाट लिहितो आहे.

पायरी १ : वर्ष कुठलं ते आधी पक्कं करा

हे हास्यास्पद वाटेल, पण सध्या सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. १९६१चा प्राप्तिकर कायदा गेला आणि प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. नव्या कायद्यात ५३६ कलमं आहेत. करांचे दर बदलण्यासाठी तो आलेला नाही, भाषा आणि मांडणी सोपी करण्यासाठी आला आहे. "मागील वर्ष" आणि "करनिर्धारण वर्ष" ही जोडगोळी जाऊन तिथे एकच "कर वर्ष" आलं.

गंमत अशी की एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या कमाईचं विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली भरायचं, आणि त्याचं करनिर्धारण वर्ष आहे २०२६-२७. एप्रिल २०२६ पासूनची कमाई मात्र नव्या कायद्याखाली, आणि तिचं कर वर्षही २०२६-२७ च. आकडा तोच, कमाई दोन वेगवेगळ्या वर्षांची. चलन भरताना इथे हमखास चूक होते: आगाऊ कर एका वर्षासाठी भरायचा असतो आणि जमा होतो दुसऱ्याच वर्षाच्या खात्यावर. चलनावर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी "ही कमाई कधीची?" हे कागदावर लिहून मगच बटण दाबा.

कलमांचे आकडेही बदलले. ८०सी मधली (विमा, पीपीएफ अशा गुंतवणुकीची) वजावट आता १२३ व्या कलमात आहे. पण लोकांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत आणि २०२५-२६ चं विवरणपत्रही त्याच आकड्यांनी भरायचं आहे, म्हणून खाली मी जुनेच आकडे वापरतो.

पायरी २ : खण पाडा

एक कोरा कागद घ्या आणि उभे रकाने आखा: स्वतः, जोडीदार, अठराच्या आतली मुलं, आईवडील, अविभक्त कुटुंब (असेल तर), न्यास (असेल तर). मग घरात आलेला प्रत्येक रुपया ज्याचा त्याच्या रकान्यात टाका. पासबुकावर नाव कुणाचं आहे हे बघू नका, मूळ पैसा कुणाचा होता ते बघा.

संयुक्त एफडी हे याचं नेहमीचं उदाहरण. पैसा आईचा, पण बँकेत हेलपाटे मुलाने घातले म्हणून पहिलं नाव मुलाचं. बँक व्याज कळवते ते पहिल्या नावाच्या पॅनवर, टीडीएसही (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) तिथेच कापते. मुलाच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ते पूर्ण व्याज झळकतं. उत्पन्न खरं आईचं आहे. बँकेला तसं लेखी कळवून टीडीएस आईच्या पॅनवर वळवून घेता येतो. पण सोपा इलाज वेगळाच: पुढच्या नूतनीकरणात आईचं नाव पहिलं करा. आई साठीच्या पुढे असेल तर बँक वर्षाला १ लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस कापत नाही. इतरांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे.

पायरी ३ : स्वतःचा रकाना

कर मोजायच्या दोन प्रणाली आहेत: नवी, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत, आणि जुनी, म्हणजे वजावटी आहेत पण दर जास्त. जुन्या-नव्या कायद्याशी याची गल्लत करू नका. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीचे दर असे आहेत: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. वर ४ टक्के उपकर. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने हा आकडा पावणेतेरा लाखांवर जातो.

"बारा लाखांपर्यंत काही नाही" हे वाक्य मात्र अर्धवट आहे. शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडाच्या नफ्यासारखं जे उत्पन्न विशेष दराने करपात्र आहे, त्याच्या करावर ही सूट नाही. समजा पगार वजावटीनंतर ९ लाख आणि शेअर वर्षाच्या आत विकून झालेला नफा २ लाख. एकूण ११ लाख, म्हणजे बाराच्या आत. पगारावरचा ३० हजारांचा कर सुटीत जातो. शेअरच्या नफ्यावर २० टक्क्यांनी ४० हजार आणि उपकर १,६०० असे ४१,६०० भरावेच लागतात. दरवर्षी कुणीतरी इथे तोंडावर आपटतं.

आकडा १२ लाखांच्या किंचित वर गेला तर घाबरू नका. १२ लाख १० हजारांवर हिशेबाने ६१,५०० कर येतो, पण सीमांत सवलतीमुळे तो १० हजारांवर थांबतो. वरच्या दहा हजारांसाठी साठ हजार भरावे लागू नयेत, एवढाच तिचा हेतू.

जुनी प्रणाली अजून जिवंत आहे. घरभाडं भत्ता मोठा, गृहकर्जाचं व्याज २ लाखांच्या जवळ, ८०सी पूर्ण भरलेलं, आईवडिलांचा आरोग्यविमा, असं सगळं एकत्र असेल तरच तिच्याकडे वळून बघावं. बाकीच्यांनी प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरच्या गणकात दोन्ही आकडे टाकून पाच मिनिटांत निकाल लावावा. धंदा-व्यवसाय नसलेल्याला दरवर्षी निवड बदलता येते, पण मुदतीत विवरणपत्र भरलं तरच. उशीर झाला की नवीच.

जुन्या प्रणालीबद्दल एक इशारा. खोट्या वजावटींवर विभागाची नजर आता बारीक आहे. जुलै २०२५ मध्ये अशा वजावटी भरून देणाऱ्या मध्यस्थांवर देशभर सुमारे दीडशे ठिकाणी कारवाई झाली. विवरणपत्रातही आता पॉलिसी क्रमांक, कर्ज देणाऱ्याचं नाव असे तपशील मागतात. "पाच टक्के द्या, देणगीची पावती आणून देतो" म्हणणारा माणूस दारात आला तर दारातूनच परत पाठवा. सही तुमची असते, त्याची नसते.

पायरी ४ : घरातल्या घरात दिलेला पैसा

भेट-कर १९९८ मध्ये गेला, वारसा हक्काच्या मालमत्तेवरचा मृत्युकर १९८५ मध्ये गेला, संपत्तीकर २०१५ मध्ये. त्यामुळे घरातल्या देवघेवीत कर नाहीच असा समज पसरला. राहिलेत दोन नियम, आणि दोन्ही चावरे आहेत.

पहिला भेटीचा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम आली तर वरचा भाग नाही, पूर्ण रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. लग्नात आलेला आहेर, मृत्युपत्राने किंवा वारशाने मिळालेलं सुटतं. नातेवाइकांकडून आलेलं सुटतं, पण "नातेवाईक" म्हणजे कोण हे कायद्याने मोजून सांगितलंय: जोडीदार, भावंडं, जोडीदाराची भावंडं, आईवडिलांची भावंडं, स्वतःचे व जोडीदाराचे सरळ रेषेतले पूर्वज आणि वंशज, आणि या सगळ्यांचे जोडीदार.

ही यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. काकांनी पुतण्याला ५ लाख दिले: पुतण्यासाठी काका म्हणजे वडिलांचे भाऊ, यादीत आहेत, कर नाही. आता पुतण्या कमवायला लागला, म्हाताऱ्या काकांना त्याने ५ लाख दिले. काकांच्या यादीत भाऊ आहे, भावाचा मुलगा नाही. पूर्ण ५ लाख काकांचं उत्पन्न. चुलत, मामे, आते भावंडंही यादीबाहेर. उपाय सरळ आहे: पुतण्याने आधी वडिलांना द्यावेत आणि वडिलांनी आपल्या भावाला, दोघांनीही मनापासून आणि कागद करून. केवळ कर चुकवायला एकाच दिवशी फिरवलेला पैसा अधिकारी ओळखतो.

आणि नातं कितीही जवळचं असो, एका दिवसात एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. कलम २६९एसटी खाली घेतली तेवढ्याच रकमेचा दंड आहे. बापाने लेकीला दिलेली रोख रक्कमही त्यात येते.

दुसरा नियम क्लबिंगचा, म्हणजे दिलेल्या पैशावरचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिसळण्याचा. नवऱ्याने बायकोला १० लाख दिले, भेट म्हणून त्यावर कर नाही. बायकोने ७ टक्क्यांनी एफडी केली. वर्षाचं ७० हजार व्याज नवऱ्याच्या रकान्यात जाईल, खातं कुणाच्याही नावावर असो. पण ते ७० हजार तिने पुन्हा गुंतवले आणि त्यावर पुढच्या वर्षी ४,९०० मिळाले, तर ते मात्र तिचे. सुनेला दिलेल्या पैशालाही हाच नियम. अठराच्या आतल्या मुलाच्या नावावरचं व्याज ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिसळतं. मुलाने स्वतःच्या अंगच्या कलेने कमावलं, जाहिरातीत काम केलं, तर ते त्याचंच.

अठरा पूर्ण झालेल्या मुलाला किंवा आईवडिलांना दिलेल्या पैशाला क्लबिंग नाही. म्हणून "आईच्या नावावर टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. सल्ला कायदेशीर आहे, पण विसरू नका की दिलं म्हणजे दिलं. आईचं मृत्युपत्र नसेल तर उद्या तो पैसा तुमच्यासकट सगळ्या भावंडांचा. वीस-पंचवीस हजार कर वाचवायला गेलेल्या घरांत भाऊबहिणी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्यात.

पायरी ५ : अविभक्त कुटुंब उघडू का?

हिंदू, जैन, शीख आणि बौद्ध कुटुंबांना स्वतंत्र पॅन काढून एचयूएफ म्हणून कर भरता येतो. समाजमाध्यमांवर याची जाहिरात "मोफत दुसरा पॅन" अशी चालते. माझं मत: वडिलोपार्जित मालमत्ता खरोखर असेल तर चालवा, नसेल तर नाद सोडा.

कारणं ऐका. एक, स्वतःचा पैसा कुटुंबाच्या खात्यात टाकला तर त्याचं उत्पन्न पुन्हा टाकणाऱ्याच्याच रकान्यात येतं, क्लबिंग इथेही आहे. दोन, वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलाकडे आली, तर ती मुलाची वैयक्तिक असते, मुलाच्या एचयूएफची नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ मध्येच स्पष्ट केलं, तरी बरेच जण वडिलांच्या फ्लॅटचं भाडं डोळे मिटून एचयूएफमध्ये दाखवतात. तीन, ६० हजारांची सूट फक्त निवासी व्यक्तीला आहे. तुमचे १२ लाख करमुक्त, एचयूएफच्या १२ लाखांवर मात्र ६२,४०० रुपये. चार, बाहेर पडणं सोपं नाही. अंशतः वाटणी प्राप्तिकर खातं मानतच नाही, पूर्ण विभाजन करून अधिकाऱ्याकडून तसा आदेश घ्यावा लागतो.

आणि मुलींना विसरू नका. २००५च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच जन्माने सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत हक्काची वाटेकरी) झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. लग्न होऊन गेलेली बहीण कागदावर नाही म्हणून एचयूएफची मालमत्ता परस्पर विकली, तर कराआधी दिवाणी दावा येईल.

पायरी ६ : घरातलं माणूस गेल्यावर

या काळात कुणालाच कागद सुचत नाहीत, म्हणून क्रम सांगून ठेवतो.

वर्षाच्या सुरुवातीपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न मृत व्यक्तीचं. त्याचं विवरणपत्र वारसाने भरायचं. पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून प्रतिनिधी करदाता म्हणून नोंदणी करावी लागते, त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. कराची थकबाकी असेल तर वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, स्वतःच्या खिशातून नाही.

मृत्यूनंतरच्या दिवसापासूनचं व्याज, भाडं वारसांचं. पिशवीतल्या त्या एफडीवर आठ महिन्यांनंतरही वडिलांच्या पॅनवर टीडीएस कापला जात होता. पैसा तिघा भावंडांचा झालेला, कर मात्र गेलेल्या माणसाच्या नावावर जमा. म्हणून बँकेत दाखला पहिल्याच महिन्यात द्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही एकदा घरात सगळ्यांना मोठ्याने सांगून टाका. शेअरच्या बाबतीतही तसंच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं.

आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं तर ते "पगार" नाही, "इतर उत्पन्न" आहे. नव्या प्रणालीत त्याच्या एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातलं जे कमी ते वजा होतं. पगाराची ७५ हजारांची वजावट तिथे लावू नका.

आता वडिलांचं घर विकताना. वारशाने घर मिळालं त्या दिवशी कर नाही, विकताना आहे. खरेदी किंमत वडिलांचीच धरायची, घर किती काळ बाळगलं ती मुदतही त्यांच्यापासूनच मोजायची. घर २००१च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१चा बाजारभाव घेता येतो, मात्र त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्या, त्याची फी वसूल होते.

२३ जुलै २०२४ पासून महागाई निर्देशांकाची, म्हणजे इंडेक्सेशनची, सोय गेली आणि दर १२.५ टक्के झाला. पण त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-घरांसाठी निवासी व्यक्ती आणि एचयूएफ यांना जुना हिशेब करून बघायची मुभा ठेवली आहे. बघू या. २००१चा भाव ५ लाख, २०२५-२६ मध्ये विक्री ४० लाखांना. नव्या पद्धतीने नफा ३५ लाख, कर ४,३७,५००. जुन्या पद्धतीने विक्रीच्या वर्षाचा निर्देशांक ३७६ (२००१-०२चा १०० धरून), म्हणजे किंमत १८.८ लाख, नफा २१.२ लाख, २० टक्क्यांनी कर ४,२४,०००. इथे जुनी पद्धत जेमतेम सरस ठरली. विक्री ५० लाखांना झाली असती तर उलट. म्हणून कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, दोन्ही हिशेब मांडा. परदेशात राहणाऱ्या भावाला ही मुभा नाही, त्याच घराच्या त्याच्या वाट्यावर त्याला सरळ १२.५ टक्के. शिवाय त्याच्या वाट्यावर खरेदीदाराने कापायचा टीडीएस अनिवासींच्या नियमाने असतो, नेहमीचा १ टक्का नव्हे. करारापूर्वी खरेदीदाराला हे सांगितलं नाही तर रजिस्ट्रीच्या दिवशी वाद ठरलेला.

नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर कलम ५४ खाली सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसा वापरला नसेल तर तो भांडवली नफा खात्यात ठेवावा लागतो. साध्या बचत खात्यात पडून असेल तर सूट गेली. घर घ्यायचं नसेल तर सहा महिन्यांत ५४ईसी रोख्यांत ५० लाखांपर्यंत.

पायरी ७ : न्यासाचा खण

"आम्ही फाउंडेशन काढतोय" असं सांगत येणाऱ्यांना मी आधी सांगतो: आपल्याकडे फाउंडेशन हा वेगळा कायदेशीर प्रकार नाही, ती फक्त पाटी आहे. पाटीमागे सार्वजनिक न्यास असेल, नोंदणीकृत संस्था असेल किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात न्यास म्हटलं की १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. न्यास झाल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, आणि स्थावर विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कागदावर विश्वस्त म्हणून हयात नसलेली माणसं असतात. प्राप्तिकराच्या नोंदणीत मग तेच आडवं येतं.

धर्मादाय नोंदणी झाली म्हणजे करमाफी मिळाली, हा सगळ्यात महागडा गैरसमज. करमाफीसाठी प्राप्तिकर खात्याकडे वेगळी नोंदणी (१२एबी) आणि देणगीदारांना वजावट मिळावी म्हणून आणखी वेगळी (८०जी). नव्या न्यासाला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा ती संपायच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कायम नोंदणीचा अर्ज करायचा. "कायम" म्हणजे पाच वर्षं. १ एप्रिल २०२५ पासून, करमाफीपूर्व उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत असेल अशा लहान न्यासांना १२एबी नोंदणी दहा वर्षांची मिळते.

२०२१ मध्ये सगळ्या जुन्या न्यासांनी पुन्हा नोंदणी केली होती. त्यातल्या बहुतेकांची पाच वर्षं ३१ मार्च २०२६ ला संपली आणि नूतनीकरणाच्या अर्जाची तारीख होती ३० सप्टेंबर २०२५. ती तारीख कित्येक खजिनदारांना ठाऊकच नव्हती. तुमचा न्यास त्यात असेल तर विलंब माफीची विनंती जोडून अर्ज करा, वाजवी कारण असेल तर आयुक्तांना तो अधिकार आहे. हात बांधून बसू नका, कारण नोंदणी कायमची सुटली तर न्यासाच्या साठलेल्या निव्वळ मालमत्तेवरच सर्वोच्च दराने कर बसू शकतो.

नोंदणी आहे असं धरू. आता ८५ टक्क्यांचा नियम. वर्षाचं उत्पन्न १० लाख, तर किमान साडेआठ लाख उद्दिष्टांवर खर्च झाले पाहिजेत, दीड लाख विनाअट बाजूला ठेवता येतात. खर्च जमला नाही तर कारण सांगून फॉर्म १० मुदतीत भरायचा आणि पाच वर्षांपर्यंत साठवायचं. (२०२६-२७ पासून फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत, पोर्टलवर नवा क्रमांक बघून घ्या.) दुसऱ्या न्यासाला २ लाख दिले तर खर्च म्हणून १ लाख ७० हजारच धरले जातात. एका माणसाला एका दिवशी १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्चच धरत नाहीत. मंडपवाला, आचारी, छपाईवाला रोखच मागतात, तेव्हा हे आठवावं.

पावतीपुस्तकाकडे वळू. प्रत्येक ८०जी पावतीवर देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन. २ हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी मध्ये सगळ्या देणग्यांची यादी पोर्टलवर, मग देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र. उशिराला दिवसाला २०० रुपये. देणगीदाराची वजावट याच यादीशी ताडून बघतात, त्यामुळे तुमच्या आळसाची नोटीस त्याच्या घरी जाते. नव्या करप्रणालीतल्या देणगीदाराला ८०जी वजावट नाहीच, तेव्हा "कर वाचेल" असं सांगून देणगी मागू नका. दानपेटीतल्या निनावी पैशाचा नियम असा: केवळ धार्मिक न्यासाला तो अडत नाही, धर्मादाय न्यासाला मात्र १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त त्याच्या वरच्या रकमेवर ३० टक्के.

आणि सगळ्यात नाजूक जागा. विश्वस्ताच्या भावाला न्यासाची खोली नाममात्र भाड्याने, विश्वस्ताच्या मुलीला बाजारभावाहून जास्त पगार, विश्वस्ताला न्यासातून हातउसने. हेतू चांगला असला तरी असा लाभ करपात्र आहे, ३० टक्क्यांनी, आणि वर तेवढाच दंड. पुन्हा सापडलं तर दुप्पट. नातेवाइकाला काम द्यायचंच असेल तर तीन ठिकाणचे दर मागवा, त्या विश्वस्ताला ठरावाच्या वेळी बाहेर बसवा आणि इतिवृत्तात तसं लिहा.

करमाफीपूर्व उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षण लागतं. अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, विवरणपत्र (आयटीआर-७) ३१ ऑक्टोबरपर्यंत.

पायरी ८ : जुळवा, भरा, पडताळा

प्रत्येक पॅनसाठी एआयएस आणि २६एएस (त्या पॅनवर कापलेल्या व भरलेल्या कराचा उतारा) उतरवून आपल्या कागदाशी जुळवा. नोंद चुकीची असेल तर एआयएसमध्येच अभिप्राय नोंदवता येतो. पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण वाढीच्या भरवशावर राहू नका. उशिरा भरायला ३१ डिसेंबरपर्यंत वाव, ५ हजार शुल्कासह. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी, नाहीतर भरलेलं असून नसल्यासारखं. नंतर काही सुटल्याचं लक्षात आलं तर अद्ययावत विवरणपत्र आता चार वर्षांपर्यंत भरता येतं, जादा कर देऊन.

पायरी ९ : नोटीस आली तर

खरी नोटीस असेल तर तिच्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो पोर्टलवर टाकला की खरी-खोटी कळते. मोबाइलवर आलेल्या दुव्यावरून कधीही लॉगिन करू नका.

मग पॅन बघा: नोटीस कुणाच्या नावाने आहे? तुमच्या, एचयूएफच्या, वारलेल्या वडिलांच्या की न्यासाच्या? उत्तर त्याच पॅनच्या लॉगिनमधून जायला हवं. खजिनदाराने न्यासाच्या नोटिशीचं उत्तर स्वतःच्या लॉगिनमधून शोधत बसायचं आणि मुदत टळायची, हे मी दोनदा पाहिलंय. दुसऱ्या वेळी तर नोटीस ज्या ईमेलवर जात होती, तो पत्ता न्यास सोडून गेलेल्या एका जुन्या सचिवांचा होता. तेव्हा हे वाचून झाल्यावर लगेच पोर्टल उघडा आणि प्रत्येक पॅनच्या प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल कुणाचा नोंदलेला आहे, तेवढं बघून घ्या.